खानदेशची पश्चिम सीमा आणि द्वैभाषिकाच्या काळांतील कागद

गेल्या वर्षीं एका संग्राहक स्नेह्यांनीं दोन पोथ्या व त्यांजबरोबर एक लहानसा गठ्ठा मजकडे पाहावयास पाठविला. पोथ्यांपैकीं एक भागवताच्या दशमस्कंधाची अपुरी प्रत, दुसरी मुहूर्तविषयक. दोहींत विशेष असें कांहीं नव्हतें. गठ्ठ्याविषयीं त्यांनीं लिहिलें होतें कीं, हा पोथ्यांच्या वेष्टणाचा कागद आहे, पाहून टाकून द्यावा. मीं तो उलगडला. आंत पिंवळ्या पडलेल्या हलक्या कागदावरील सभांचीं हस्तपत्रकें, कुठल्याशा प्राथमिक शाळेच्या दाखल-रजिस्टराचीं चार सुटीं पानें आणि गांवांच्या नांवांची हातानें लिहिलेली एक यादी निघाली. यादीस शीर्षक नव्हतें, तारीख नव्हती, लिहिणाऱ्याचें नांव नव्हतें. परंतु निझर व कुकरमुंडें हीं नांवें डोळ्यांखालून जातांच ती कशाची असावी हें ध्यानीं आलें. पोथ्या मीं परत केल्या. गठ्ठा मागून ठेवून घेतला.

आपणां कागद जमविणारांत एक समजूत मुरलेली आहे. मोडी अक्षर दिसलें कीं हात पुढें होतो. छापील हस्तपत्रक दिसलें कीं तो मागें येतो. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड १८९८ सालीं काढला, तेव्हां पानिपतच्या संग्रामास एकशें सदतीस वर्षें होऊन गेलीं होतीं, आणि तेवढ्या अवधींत कितीतरी दप्तरें वाळवीच्या पोटीं गेलीं होतीं. द्वैभाषिक मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र व गुजरात हीं दोन राज्यें झालीं त्यास आतां पासष्टांवर वर्षें लोटलीं. आणखी सत्तर वर्षें वाट पाहावी असें कोणास वाटत असेल तर त्यानें हें ध्यानांत घ्यावें कीं, पेशवाईंतला जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद तीनशें वर्षें टिकतो. पण १९५६ सालचा लाकडी लगद्याचा स्वस्त कागद घडीवर घडी घातली कीं आजच तुटतो. माझ्यापुढील हस्तपत्रकांपैकीं दोन उलगडतांनाच फाटलीं. तीं मीं सावकाश उलगडावयास हवीं होतीं.

प्रथम घटनांचा क्रम थोडक्यांत सांगतों, कारण तो मनांत नसेल तर हे कागद लावतां येत नाहींत. मराठी भाषिकांचें एक राज्य व्हावें हा ठराव १९४६ च्या मे महिन्यांत बेळगांवच्या साहित्यसंमेलनांत झाला व त्याच वर्षीं संयुक्त महाराष्ट्र परिषद उभी राहिली. १९५३ च्या सप्टेंबरांत नागपूर करार झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस फाजल अली, हृदयनाथ कुंझरू व सरदार पणिक्कर यांचें राज्य-पुनर्रचना मंडळ नेमलें गेलें. या मंडळाचा अहवाल १९५५ च्या शरदांत बाहेर आला. त्यानें तेलुगु, कन्नड व मल्याळी लोकांस भाषावार राज्यें दिलीं. मराठी व गुजराती यांस मात्र मुंबईसह एकत्र राहा म्हणून सांगितलें आणि विदर्भ वेगळा काढला. येथून भडका उडाला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजीं मुंबईस फ्लोरा फाउंटनपाशीं गोळीबार होऊन पंधरा माणसें पडलीं. १६ जानेवारी १९५६ रोजीं पंडित नेहरूंनीं मुंबई शहर केंद्राच्या ताब्यांत राहील असें जाहीर करतांच तेथें दंगे झाले व पुढें कित्येक दिवस गोळीबार चालू राहिला. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं याच प्रश्नावर मंत्रिपद सोडलें. ६ फेब्रुवारी १९५६ रोजीं पुण्यास संयुक्त महाराष्ट्र समिति स्थापन झाली. ऑगस्टांत लोकसभेनें तिसराच तोडगा पत्करला: विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ हीं सर्व एकत्र घालून एकच मोठें द्वैभाषिक मुंबई राज्य. त्याबरोबर आग मुंबईहून अहमदाबादेस गेली. ८ ऑगस्ट १९५६ रोजीं तेथील काँग्रेस-भवनापाशीं विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि इंदुलाल याज्ञिक यांच्या नेतृत्वाखालीं महागुजरात जनता परिषद निघाली. १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक सुरू झालें, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले, आणि साडेतीन वर्षांत तें राज्य संपलें. १ मे १९६० हा दिवस सर्वांस ठाऊक आहे.

या क्रमांत एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. संयुक्त महाराष्ट्र समिति व महागुजरात परिषद यांचें साध्य एकच होतें. दोघींसहि एका घरांत राहावयाचें नव्हतें. भांडण होतें तें मुंबई कोणाकडे जावी व कुंपण कोठें घालावें एवढ्यापुरतें. मुंबईचा निकाल लागतांच बाकी राहिलें तें कुंपण, आणि तें आमच्या खानदेशच्या व ठाणें जिल्ह्याच्या अंगणांतून गेलें. मुंबईवर जेवढें लिहिलें गेलें त्याच्या शतांशहि या कुंपणावर लिहिलें गेलेलें नाहीं.

द्वेष मुळींच नव्हता असें म्हणणें खोटेपणाचें होईल. जानेवारी १९५६ मध्यें मुंबईंत गुजराती दुकानें फोडलीं गेलीं, निरपराध कुटुंबांस घरें सोडावीं लागलीं. हें आपल्या बाजूच्या कित्येक स्मरणग्रंथांत एका ओळींत गुंडाळलेलें असतें. पण खानदेशांत भाषेची वांटणी इतकी सरळ नव्हतीच. शहादें, यावल, रावेर या भागांतील गुजर कुणबी घरांत गुजरी बोलतात आणि खातें-पत्र मराठींत ठेवतात. नंदुरबारास ९ सप्टेंबर १९४२ रोजीं तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांवर गोळीबार झाला, त्यांत पांच बालवीर पडले: शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा. नांवें वाचलीं म्हणजे गांवांतील मिसळ आपोआप दिसते. यानंतर चौदाच वर्षांनीं त्याच गांवाबद्दल, हें मराठी कीं गुजराती, असा वाद व्हावा, हें त्या पांचांच्या घरच्यांस कसें वाटलें असेल याचा एकहि कागद माझ्या पाहण्यांत नाहीं. कोणाकडे असेल तर तो दहा सनदांहून मोलाचा समजावा.

१९५७ च्या निवडणुकींत पूर्व खानदेशानें लोकसभेवर नौशीर भरुचा यांस निवडून दिलें. हे मुंबईचे पारशी गृहस्थ, आणि पारशांची घरची भाषा गुजराती. तरी समितीच्या पाठिंब्यानें ते जळगांवाकडील कुणब्यांचीं मतें घेऊन गेले. धुळ्याहून जनसंघाचे उत्तमराव पाटील व पश्चिम खानदेशाच्या राखीव जागेवरून प्रजासमाजवादी लक्ष्मण वेडू वळवी निवडून आले. एक पारशी, एक मराठा, एक भिल्ल, आणि तिघेहि सत्ताधारी पक्षाबाहेरचे. खानदेशांत त्या वर्षीं लोकांच्या मनांत काय होतें तें यावरून समजतें.

आतां वादाच्या गाभ्याकडे वळूं. पश्चिम खानदेशचे पश्चिमेकडील तालुके व त्यांस लागून असलेला डांग यांवर गुजरातच्या बाजूनें हक्क सांगितला गेला, त्यास मुख्य आधार होता बोलीचा. आणि तो आधार आपल्याच कपाटांत असलेल्या एका ग्रंथांतला होता. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीचा सातवा खंड मराठीचा आहे. त्यांत खानदेशी नाहीं. ती आहे नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागांत, भिल्लांच्या बोलींबरोबर, म्हणजे गुजराती-राजस्थानीच्या शेजारीं. हा भाग १९०७ सालीं छापला गेला, तेव्हां भाषावार राज्यांची कल्पना कोणाच्या स्वप्नींहि नव्हती. पण पन्नास वर्षांनीं तीच अनुक्रमणिका खतपत्रासारखी पुढें करण्यांत आली. डांगी बोली त्याच भागांत खानदेशीची पोटबोली म्हणून नोंदलेली आहे. तेव्हां खानदेशीचा जो निकाल तोच डांगीचा, असा तर्क दोन्ही बाजूंनीं, आपापल्या सोयीनें, लढविला गेला.

माझें बालपण अहिराणींत गेलें आहे, म्हणून या मुद्द्यावर चार शब्द अधिक लिहितों. ग्रिअर्सनच्या मंडळींनीं हा निर्णय वाऱ्यावर घेतला नव्हता. आम्ही घरीं ‘आहे’ म्हणत नाहीं, ‘शे’ म्हणतों; गुजराती ‘छे’ म्हणतो. आम्ही ‘माझा, तुझा’ म्हणत नाहीं, ‘मना, तुना’ म्हणतों. षष्ठीचा हा ‘ना-नी’ गुजरातींत ‘नो-नी’ असा भेटतो. ‘मी करीन’ यास आम्ही ‘मी करसू’ म्हणतों, आणि संस्कृतांतील ‘करिष्यामि’ मधला ष्य-कार ज्यास आठवतो त्यास हा सकार कोठून आला तें सांगावयास नको. गुजरातींत तो ‘करीश’ असा उरला आहे. इतपत पुरावा तिकडचा. उलट ‘मला’ यास आम्ही ‘माले’ म्हणतों, तो ‘ले’ वऱ्हाडांत घरोघर आहे. आणि शेतींतला, नात्यांतला, ओवी-गाण्यांतला शब्दसंग्रह पाहूं गेल्यास तो बव्हंशीं मराठीच आहे. बोली ही दोन ओढ्यांच्या संगमावरची जागा असते; तेथें खुंटी ठोकून पाणी वांटतां येत नाहीं. पूर्व खानदेशांत हा प्रश्न कोणी काढला नाहीं. १९५२ सालीं बहिणाबाई चौधरी यांचीं गाणीं आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालीं आणि असोद्याकडची लेवागणबोली मराठी आहे कीं नाहीं हें विचारण्याचें धैर्य कोणास उरलें नाहीं. पश्चिमेकडील भिल्ल, मावची, कोकणी यांच्या बोलींस अशी बहिणाबाई त्या वेळीं लाभली नव्हती.

‘अहिराणी’ हें नांव आभीरांवरून आलें. दंडीनें काव्यादर्शांत आभीरादिकांच्या वाणीस अपभ्रंश म्हटलें आहे, आणि नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याचा लेख आहे. या दोन गोष्टी आम्हां संस्कृत शिकलेल्यांस फार प्रिय. पण आभीर तर सिंधु-सौराष्ट्रापासून नाशिकापर्यंत सर्वत्र होते, म्हणून या पुराव्यानें सीमेचा खांब एक हातहि इकडे-तिकडे हालत नाहीं. तीच गोष्ट पाटण्याच्या शिलालेखाची. चाळीसगांवाजवळील पाटणें येथील शके ११२८ चा तो लेख भास्कराचार्याचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून स्थापिलेल्या मठाचा. वरचे श्लोक संस्कृत, आणि शेवटीं बाजारांतील कोणत्या मालावर मठास काय द्यावें हें जुन्या मराठींत. निकुंभ राजांच्या अमलांत देण्याघेण्याची भाषा मराठी होती एवढें त्यावरून निर्विवाद ठरतें. परंतु पाटणें खानदेशच्या दक्षिण टोंकास; तेथील हाटांतल्या मराठीवरून तापीकांठच्या निझरास भिल्ल काय बोलत असे हें कसें सांगावें? पलीकडच्या पक्षानें गुजरातच्या सुलतानांचा दाखला द्यावा, कारण नंदुरबार-सुलतानपूर हीं ठाणीं दीर्घकाळ त्यांजकडे होतीं. तर अबुल फजल आपल्या ऐन-इ-अकबरींत नंदुरबार सरकार माळवा सुभ्यांत घालतो. मग माळव्यानेंच कां मागूं नये? राजसत्तेचा दाखला हा भाषेचा दाखला नव्हे, हें आपण पुराणवस्तूंच्या अभ्यासकांनीं तरी विसरूं नये. १९५६ च्या हस्तपत्रकांतून मात्र तें सर्रास विसरलेलें आढळतें.

डांगची कथा थोडी निराळी आहे. तेथील भिल्ल राजांनीं १८४२ सालीं आपलीं जंगलें इंग्रजांस पट्ट्यानें दिलीं. त्याबद्दलचें मानधन देण्याचा दरबार होळीच्या सुमारास आहव्यास आजहि भरतो. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत डांगचा कारभार खानदेशच्या कलेक्टराकडे होता, पुढें तो सुरतेकडे गेला. इंग्रजी अमलदाराच्या सोयीसाठीं झालेला हा फरक पुढें एका बाजूस पुरावा झाला. १९३७ सालीं दादासाहेब बिडकर यांनीं नाशिकास डांग सेवा मंडळ काढलें. स्वातंत्र्यानंतर गुजरातेंतून आलेले नायक बंधु आहव्यास आश्रम घालून बसले. दोन्हींकडे सेवाभाव खरा होता, यांत मला शंका नाहीं. पण शाळा कोणत्या भाषेंत उघडते यावर पुढच्या पिढीची भाषा ठरते, हें दोघेहि जाणून होते. १९४९ सालीं मुख्यमंत्री बाळासाहेब खेर व गृहमंत्री मोरारजी देसाई यांनीं डांगचा दौरा केला, तेव्हांपासून डांगींना कोणी विचारलें नाहीं इतका त्यांच्या बोलीचा विचार वर्तमानपत्रांतून झाला. १९६० सालीं डांग सबंधच्या सबंध गुजरातेंत गेला.

त्या सालच्या मुंबई पुनर्रचना कायद्यानें (१९६० चा ११ वा) गुजरातला जिल्हे दिले, शिवाय एक परिशिष्ट जोडलें. त्यांत ठाणें जिल्ह्यांतील उंबरगांव तालुक्याचीं आणि पश्चिम खानदेशांतील नवापूर, नंदुरबार, तळोदें व अक्कलकुवा या चार तालुक्यांचीं गांवें नांवानिशीं लिहिलेलीं आहेत. पश्चिम खानदेशचीं अशीं दीडशेंहून अधिक गांवें गेलीं. यांमागें बोलीपेक्षां तापीवरील उकाईच्या धरणाचा विचार मोठा होता. धरणाची भिंत सोनगडाकडे, जलाशय मागें खानदेशांत पसरणार. तेव्हां बुडणारी जमीन एकाच राज्यांत असावी, हा हिशेब. धरण १९७२ सालीं पुरें झालें व शंभराहून अधिक गांवांस आपल्या जागा सोडाव्या लागल्या. ज्या गांवांच्या भाषेवरून वाद घातला त्यांतलीं कित्येक आज पाण्याखालीं आहेत. तेथला माणूस मराठी होता कीं गुजराती, याचें उत्तर आतां पाण्यास विचारावें.

येथें एक योगायोग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आंध्र व मद्रास यांच्यांतील सीमातंट्यांत मध्यस्थ नेमले गेले ते हरि विनायक पाटसकर. चाळीसगांवास वकिली केलेले, १९५२ सालीं जळगांवाहून लोकसभेवर गेलेले, हिंदु वारसा कायदा संसदेंतून पार पाडणारे हे गृहस्थ. खेडें हा घटक धरावा, सलगता पाहावी, बहुसंख्यांची भाषा पाहावी, ही जी कसोटी त्यांनीं तेथें लावली तिच्यावर १९५९ सालीं कायदा झाला व १ एप्रिल १९६० पासून तो अमलांत आला. ‘पाटसकर सूत्र’ म्हणून बेळगांवच्या वादांत महाराष्ट्र आजतागायत तेंच पुढें करीत आला आहे. म्हणजे खानदेशच्या वकिलानें दक्षिणेस दिलेला न्याय एक महिन्यानें खानदेशच्याच वांट्यास पुरता आला नाहीं: खेडें घटक धरलें गेलें खरें, पण कसोटी पाण्याची लागली. महाराष्ट्रानें मुंबई मिळत असतां या गांवांसाठीं हट्ट धरला नाहीं, हें व्यवहाराला धरून होतें असें मला वाटतें. पण व्यवहार म्हणूनच तें सांगावें. त्यास तत्त्वाचें सोंवळें नेसवूं नये.

भाषेच्या वादांतून मोठीं राज्यें फुटण्याचा अनुभव आपलाच नव्हे. युगोस्लाव्हिया हें नांव आमच्या वर्गांत एकदां निघालें, तेव्हां एका मुलानें तें संस्कृत ‘युग’ शब्दाशीं जोडलें होतें. मूळ स्लाव शब्दाचा अर्थ ‘दक्षिण’ असा आहे. या समाजवादी संघराज्यांत सर्ब व क्रोएट यांची भाषा एकच, असा करार १९५४ सालीं नोव्ही साद येथें लेखक-पंडितांनीं केला. १९६७ सालीं क्रोएट पंडितांनीं जाहीरनामा काढून आपली भाषा वेगळी म्हणून सांगितली. १९७१ सालीं झाग्रेबांत त्यावरूनच चळवळ उसळली व दडपली गेली. १९८८-८९ मध्यें सर्बियांत लाखालाखांच्या सभा भरल्या, कोसोव्होच्या सहाशें वर्षांपूर्वींच्या लढाईचा दाखला देऊन राजकारण तापविलें गेलें, आणि जून १९९१ मध्यें स्लोव्हेनिया व क्रोएशिया बाहेर पडले. पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. आपल्या वाचकांस त्यांतली एकच गोष्ट सांगतों. १७ मे १९९२ रोजीं साराजेव्हो येथील प्राच्यविद्या संस्थेवर तोफांचा मारा होऊन पांच हजारांहून अधिक अरबी, फारसी व तुर्की हस्तलिखितें जळालीं. त्याच ऑगस्टांत तेथील राष्ट्रीय ग्रंथालय जळालें. वाद पंडितांच्या कोशांतून निघाला आणि आग पंडितांच्या कपाटांपर्यंत परत आली. आपलें द्वैभाषिक मोडलें तें एका संघराज्याच्या पोटांत, संसदेच्या कायद्यानें. म्हणून माणसें गेलीं तरी दप्तरें जळालीं नाहींत. जें जळालें नाहीं तें आपण रद्दींत घालीत आहों.

असे कागद हातीं आल्यास काळ कसा ठरवावा, याविषयीं कांहीं खुणा देतों. हस्तपत्रकावर ‘परिषद’ असेल तर तें बहुधा फेब्रुवारी १९५६ पूर्वींचें, ‘समिति’ असेल तर नंतरचें. ‘द्वैभाषिक’ हा शब्द निषेधाच्या अर्थानें आला कीं ऑगस्ट १९५६ च्या पलीकडे यावें. किंमत वा वर्गणी आण्यांत लिहिली असेल तर १ एप्रिल १९५७ पूर्वींचा संभव अधिक, कारण त्या दिवसापासून नवे पैसे आले, मात्र लोक कित्येक वर्षें आणे-पै यांतच बोलत राहिले, म्हणून ‘दोन आणे (१२ न. पै.)’ असें दुहेरी लिहिलेलें आढळल्यास तें संक्रमणकाळचें समजावें. जिल्ह्याचें नांव ‘पश्चिम खानदेश’ असेल तर तें १९०६ नंतरचें, कारण त्या सालापूर्वीं एकच खानदेश जिल्हा होता. १९६० नंतर हळूहळू ‘धुळें’ येतें, आणि नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजीं. ‘जिल्हा तापी’ असें गुजरातच्या कागदावर दिसलें तर तो २००७ नंतरचा. शेवटची खूण शुद्धलेखनाची: अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या नियमांनीं काढून टाकले, तेव्हां ते असल्यास कागद बहुधा त्यापूर्वींचा. या खुणेवर मात्र फार भिस्त ठेवूं नये. मी स्वतः ते अजून देतों, आणि माझ्या या लेखावरून कोणी पुढें माझा काळ ठरविल्यास तो पाऊणशें वर्षांनीं चुकेल.

जनगणनेचे आंकडे वापरतांनाहि सावध असावें. बोलीचें नांव काय सांगितलें यापेक्षां लिहून घेणारा कोणत्या गांवचा होता यावर तें पुष्कळदां अवलंबून असतें. २०११ च्या जनगणनेंत खानदेशी ही मराठीहून स्वतंत्र भाषा म्हणून नोंदलेली असून तिचे बोलणारे सुमारें साडेअठरा लाख दाखविले आहेत. धुळें-जळगांवांत हिंडलेल्या कोणासहि हा आंकडा पटणार नाहीं. घरांत अहिराणी बोलणारे असंख्य लोक गणकास मातृभाषा ‘मराठी’ सांगतात, माझ्याच घरीं तें तसें सांगितलें गेलें. तें खोटें नाहीं, आणि पुरतें खरेंहि नाहीं.

राहिलीं शाळेचीं चार पानें. शाळेचें नांव वरच्या कडेबरोबर फाटून गेलें आहे. मुलांच्या नांवांपुढें पालकांचे आंगठे आहेत, ‘धंदा’ या रकान्यांत बहुतेक सर्वत्र शेती वा मजुरी. तीन पानें बालबोध मराठींत, शिक्षकाचें अक्षर मोडीच्या वळणाचें. चौथें पान गुजराती लिपींत. मुलांचीं आडनांवें तींच आहेत: वळवी, पाडवी, गावित, वसावे. आंगठेहि तसेच. रकान्यांचे मथळे छापील मराठी, आणि त्यांवर शाईनें गुजराती शब्द लिहिलेले. नवीं रजिस्टरें आलेलीं नव्हतीं, तोंपर्यंत गुरुजींनीं जुन्यावरच भागविलेलें दिसतें. हीं पानें कशीं सुटलीं हें शोधतां समजलें कीं, त्या शाळेच्या जुन्या वह्या कांहीं वर्षांपूर्वीं किलोच्या भावानें विकल्या गेल्या होत्या. दोष कोणास द्यावा? मी स्वतः छत्तीस वर्षें शाळेंत होतों आणि दर उन्हाळ्यांत कपाटें रिकामीं करण्याच्या कामांत मीहि हात लावला आहे.

नवापूरच्या रेल्वेस्थानकावर एक बांक आहे. त्याचा एक भाग महाराष्ट्रांत, दुसरा गुजरातेंत. प्रवासी त्यावर बसून छायाचित्रें काढतात. तिकिटाची खिडकी एका राज्यांत, स्थानकप्रमुखाची खोली दुसऱ्या. मी तेथें उतरलों तो हातांतील यादी घेऊन. यादींतील नांवें कायद्याच्या परिशिष्टाशीं ताडून पाहतां बहुतेक जुळतात. मात्र सात नांवांपुढें यादीकारानें बारीक फुली केली आहे, आणि तीं सातहि नांवें परिशिष्टांत नाहींत. हीं गांवें जाणार होतीं आणि राहिलीं, कीं लिहिणाऱ्यास केवळ त्यांचें भय वाटत होतें, हें यादीवरून कळत नाहीं. अक्षर सरावलेल्या कारकुनाचें आहे, शाई निळी, कागदाची मागची बाजू एका किराणा दुकानाच्या उधारीनें भरलेली. तीं सात नांवें ज्यांस पाहावयाचीं असतील त्यांनीं मजकडे यावें. यादी टपालानें पाठविण्याजोगी राहिलेली नाहीं.